गोरा कोण, आपला कोण? अमेरिकेचं परराष्ट्र धोरण, वर्ण आणि धर्म

पेठेतला_परका (धागालेखक)

मागे एका धाग्यावर कुणीतरी नेहमीचं वाक्य टाकलं: 'देशांना मित्र नसतात, हितसंबंध असतात.' हे वाक्य आलं की सगळे माना डोलावतात आणि चर्चा बंद पडते. पण हितसंबंध कशात आहेत हे ठरवणारी माणसंच असतात ना? ती कुठल्या तरी घरात वाढलेली असतात, कुठल्या तरी देवळात नाहीतर चर्चमध्ये लहानपणापासून बसलेली असतात. खात्याच्या दारात चपला काढतात तशी ती मनं काही बाहेर काढून ठेवत नाहीत.

माझं म्हणणं थोडक्यात असं. पूर्वग्रह एकटा निर्णय घेत नाही. तेल, लष्करी तळ, मतं, पैसा हे सगळं असतंच. पण कुणाचं ऐकून घ्यायचं, कुणाच्या रागाला भ्यायचं आणि कुणाचा अपमान केला तरी चालून जाईल, हे बरेचदा पूर्वग्रह ठरवतो. अमेरिकेपुरतं बोलतो, कारण तिथली कागदपत्रं खुली होतात.

पॅरिस, एप्रिल १९१९. महायुद्ध संपलेलं, राष्ट्रसंघाची घटना लिहिणं चालू. जपान जिंकलेल्या बाजूला, पाच बड्यांपैकी एक. बॅरन माकिनो यांच्या शिष्टमंडळाची मागणी होती की वंशावरून भेदभाव करणार नाही असं घटनेत लिहा. विरोध पाहून त्यांनी मसुदा इतका पातळ केला की शेवटी 'वंश' हा शब्दच उरला नाही. राष्ट्रांची समानता आणि त्यांच्या नागरिकांना न्याय्य वागणूक एवढंच प्रस्तावनेत घाला म्हणाले. ११ एप्रिलला मतं मोजली. १७ पैकी ११ बाजूनं. फ्रान्स, इटली बाजूनं. चीनसुद्धा बाजूनं, आणि त्याचं तर शांटुंग या आपल्याच प्रांतावरून जपानशी तेव्हाच भांडण चालू होतं. अध्यक्षपदी वुड्रो विल्सन. त्यांनी सांगितलं, अशा प्रश्नाला एकमत लागतं. झालं, ठराव पडला.

ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज हटून बसले होते, ब्रिटनला त्यांना दुखवायचं नव्हतं, आणि विल्सनना घरची सिनेट दिसत होती: कॅलिफोर्निया जपान्यांवर डूख धरून, दक्षिणेकडची राज्यं काळ्यांवर. विल्सन स्वतः व्हर्जिनियातले, पाद्र्याचे चिरंजीव. त्यांच्याच कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांतून काळे आणि गोरे कारकून वेगळे बसवले गेले. जगाला स्वयंनिर्णय शिकवणारे ते हेच.

पुढचा टप्पा १९२४. नव्या स्थलांतर कायद्यात 'नागरिकत्वास अपात्र' परकीयांना दार बंद झालं. चिनी १८८२ पासूनच बाहेर होते, हिंदी लोक १९१७ पासून. म्हणजे हे कलम प्रत्यक्षात जपान्यांसाठी. इतर देशांसारखा कोटा दिला असता तर वर्षाला दीडेकशे जपानी आले असते. परराष्ट्रमंत्र्यांचाच (हेही ह्यूज, चार्ल्स इव्हान्स) या कलमाला विरोध होता. जपानी राजदूत हानिहारा यांनी पत्रात 'गंभीर परिणाम' असे शब्द वापरले, सिनेटनं ती धमकी ठरवली आणि कायदा मोठ्या बहुमतानं मंजूर केला. १ जुलैला तो अमलात आला, आणि जपानमध्ये तो दिवस राष्ट्रीय अपमानदिन म्हणून पाळला गेला. वर्षाला दीडशे माणसं येऊ नयेत म्हणून!

पर्ल हार्बर यामुळे झालं असं मी म्हणत नाही. मांचुरिया, चीनमधलं युद्ध, तेलबंदी ही कारणं आहेतच. पण टोकियोत 'पाश्चात्त्यांशी जुळवून घेऊ' म्हणणारी जी मंडळी होती, त्यांच्या हातात यानंतर दाखवायला काही उरलं नाही.

आता धर्म. जॉन फॉस्टर डलेस, १९५३ ते ५९ परराष्ट्रमंत्री. वडील प्रेस्बिटेरियन पाद्री, आजोबा १८५० च्या सुमारास मद्रासला मिशनरी. डलेस स्वतः चर्चच्या शांतता आयोगाचे प्रमुख होते. त्यांच्या लेखी शीतयुद्ध म्हणजे देव मानणारे विरुद्ध देव न मानणारे. १९५४ मध्ये पाकिस्तानशी लष्करी करार केला आणि १९५६ मध्ये आयोवाच्या भाषणात सांगितलं की काही अपवाद सोडता तटस्थता ही अनैतिक आहे. नुसती चुकीची किंवा अव्यवहार्य नव्हे, *अनैतिक*. नेहरूंशी त्यांचं का जमलं नाही ते कळायला आणखी काही लागत नाही.

पटत असेल, नसेल, उदाहरणं द्या. पाकिस्तान-भारत नेहमीचं दळण नको.

---

रोखठोक_काका

असहमत. जपानला १९१९ मध्ये समानतेचा पुळका आला होता त्याच सुमाराला, १ मार्चपासून, कोरियात स्वातंत्र्य मागणाऱ्यांवर जपानी पोलीस काय करत होते ते वाचा. त्यांना समानता हवी होती ती जपान्यांना गोऱ्यांच्या पंगतीत बसवण्यापुरती. आणि शांटुंग त्यांना मिळालंच की! विल्सननी एका हातानं ठराव नाकारला, दुसऱ्या हातानं जर्मनीची चिनी मालमत्ता जपानला दिली. हा सौदा आहे, वर्णद्वेष नाही.

दुसरं. डलेस इतके धार्मिक होते तर सौदी राजाशी अमेरिकेचं इतकं गूळपीठ कसं? १९४५ मध्ये रुझवेल्ट 'क्विन्सी' युद्धनौकेवर इब्न सौदला भेटले ते काय बायबल वाचायला? तेल. बाकी सगळं सजावट.

---

पेठेतला_परका

काका, कोरियाबद्दल शंभर टक्के मान्य. पण तुमच्याच उदाहरणात माझा मुद्दा आहे. शांटुंग देण्याघेण्यासारखं होतं, म्हणून दिलं. समानतेचं वाक्य देऊन कुणाचं एक एकर जात नव्हतं, तरी ते दिलं नाही. ज्याला किंमत काहीच पडत नाही ते नाकारलं जातं, तेव्हा मी हितसंबंध कुठे शोधू?

---

मेलबर्नची_मावशी

बिली ह्यूजवरून आठवलं. इथला, ऑस्ट्रेलियाचा, १९०१ चा स्थलांतर कायदा मोठा नमुनेदार आहे. त्यात 'आशियाई नकोत' असं कुठेही लिहिलेलं नाही, कारण लंडनला ते अवघड जात होतं: जपान मित्र, हिंदुस्थान साम्राज्याचाच भाग. म्हणून श्रुतलेखन! बंदरावर अधिकारी कुठल्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्द सांगणार, तुम्ही लिहायचे. इंग्रजी येतंय असं दिसलं की दुसरी भाषा. १९३४ मध्ये एगॉन किश नावाच्या बहुभाषी पत्रकाराला अडवायचं होतं, त्याला कुठली भाषा यावी ना! शेवटी स्कॉटिश गेलिक काढली. कोर्टानं ते हाणून पाडलं ते वेगळं.

इथल्या मुलांना शाळेत हे शिकवतात, बरं का. माझा नातू घरी येऊन मलाच श्रुतलेखन घालत होता.

व्हिटलम सरकारनं १९७३ मध्ये उरलंसुरलं काढून टाकलं. तोवर आशियाशी व्यापार वाढला होता, हेही खरं. म्हणजे काका अगदीच चूक नाहीत.

---

खारूताई

गेलिक!! 😂 वाचतेय. येऊ द्या.

---

मडगांवकार

डलेसचं नाव निघालं आणि गोवा निघाला नाही, म्हणून लॉगिन केलं.

२ डिसेंबर १९५५. पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्या वॉशिंग्टनला गेले होते. डलेस आणि कुन्या यांचं संयुक्त निवेदन निघालं, त्यात पूर्वेकडल्या 'पोर्तुगीज प्रांतां'चा उल्लेख. चार वर्षांपूर्वीच पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारनं घटना बदलून वसाहतींना सागरपार प्रांत करून टाकलं होतं, कारण प्रांत म्हटला की बाहेरच्यांनी बोलायचं काम नाही. अमेरिकेनं तो कायदेशीर मुखवटा जसाच्या तसा उचलला. पत्रकारांनी विचारलं तेव्हाही डलेस मागे हटले नाहीत. आणि वेळ कुठली? रशियाचे नेते बुल्गानिन आणि क्रुश्चेव भारतभर फिरत होते, गोव्यावर उघडपणे भारताची बाजू घेत होते. त्याच वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या होत्या, वीसपेक्षा जास्त माणसं गेली. महाराष्ट्रातून आलेले त्यात किती होते ते इथे सांगायला नको.

सालाझारचा दावा काय होता? गोवा म्हणजे पूर्वेतला ख्रिस्ती दिवा, हिंदू भारत तो विझवणार. लिस्बनपासून वॉशिंग्टनपर्यंत हे खपत होतं. प्रत्यक्षात गोव्यात बहुसंख्य हिंदू. आणि ख्रिस्ती? गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक म्हणतात ते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा कोण? तेलो मास्कारेन्हस कोण? १९४६ मध्ये लोहियांना असोळण्याला ज्यांच्या घरी पाहुणचार होता ते डॉ. जुलियांव मिनेझिस कोण? पोर्तुगालच्या तुरुंगात वर्षं काढलेले आमचे ख्रिस्ती लोक सालाझारच्या चित्रात बसतच नव्हते.

आता गंमत. या धर्माच्या दाव्यातली हवा कुणी काढली? नेहरू जुलै १९५५ मध्ये रोमला पोप पायस बारावे यांना भेटले. बाहेर येऊन नेहरूंनी पत्रकारांना सांगितलं की गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, हे पोपना मान्य आहे. म्हणजे खुद्द पोप धर्माचा मुद्दा सोडायला तयार आणि प्रोटेस्टंट डलेस पोर्तुगालच्या पाठीशी उभे!

---

रोखठोक_काका

मडगांवकार, उत्तम माहिती, पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत. प्रोटेस्टंट डलेस कॅथलिक पोर्तुगालच्या पाठीशी का? अझोर्स! अटलांटिकच्या मध्यात लाजेसचा विमानतळ. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य. युरोपकडे जाणारी अमेरिकी विमानं तिथे उतरत. पुढे केनेडी आले, ते तर पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष. त्यांनी मार्च १९६१ मध्ये अंगोला या पोर्तुगीज वसाहतीच्या प्रश्नावर युनोत पोर्तुगालच्या विरोधात मत दिलं. कुठे गेला धर्म? मग डिसेंबरात गोवा झाला आणि केनेडी पोर्तुगालच्या बाजूला, कारण तळाचा करार १९६२ अखेर संपत होता. सगळा हिशेब तळाचा.

---

मडगांवकार

अझोर्स मान्य, पूर्ण मान्य. पण १८ डिसेंबर १९६१ च्या रात्रीचं सुरक्षा समितीतलं मतदान बघा, तुमचा हिशेब तिथे अर्धाच लागतो.

युद्धबंदी करा, भारतानं सैन्य मागे घ्यावं असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान यांचा. बाजूनं ७, विरोधात ४, आणि सोव्हिएत नकाराधिकारानं तो पडला. विरोधातले चार कोण? रशिया, सिलोन, इजिप्त (तेव्हाचं संयुक्त अरब प्रजासत्ताक) आणि लायबेरिया. मुस्लिम तुर्कस्तान एकीकडे, मुस्लिम इजिप्त दुसरीकडे. सुरक्षा समितीबाहेर पाकिस्तान पोर्तुगालच्या बाजूनं. म्हणजे धर्मावरून रेघ मारता येत नाही, कबूल.

पण लायबेरिया बघा. अमेरिकेतून परतलेल्या मुक्त काळ्यांनी वसवलेला देश, राजधानीचं नाव अमेरिकी राष्ट्राध्यक्ष मन्रो यांच्यावरून, चलन डॉलर. अमेरिकेच्या इतका जवळचा दुसरा आफ्रिकी देश नव्हता. तो अमेरिकेच्या विरुद्ध, भारताच्या बाजूनं. त्याला गोव्यात काय मिळणार होतं? गोव्यात त्याला अंगोला दिसत होता. अमेरिकेचे युनोतले प्रतिनिधी ॲडलाय स्टीव्हन्सन यांना त्या रात्री युनोचा अंत दिसत होता, आणि त्याच टेबलावर बसलेल्या काळ्या माणसाला वसाहतीचा अंत. एकच घटना, दोन माणसं. हितसंबंधाचं गणित दोघांनाही येत होतं.

---

अनुस्वार

१९५५ चाच आणखी एक किस्सा. भारताचे अमेरिकेतले राजदूत गगनविहारी मेहता. (मुंबईकर, गुजराती, गांधीवादी वर्तुळातले.) ऑगस्टमध्ये ते ह्यूस्टनच्या विमानतळावर जेवायला गेले, तर त्यांना गोऱ्यांच्या दालनातून उठवून वेगळं बसवलं. टेक्ससच्या कायद्याप्रमाणे. डलेसना माफी मागावी लागली. बातमी भारतात काय पोचली असेल विचार करा.

आफ्रिकी देश स्वतंत्र व्हायला लागले तसा हा रोजचा प्रकार झाला. युनो न्यूयॉर्कला, सरकार वॉशिंग्टनला, मधे मेरीलँडमधला ४० नंबरचा महामार्ग, आणि त्यावरच्या खानावळी काळ्यांना वाढत नव्हत्या. १९६१ मध्ये चाडचे राजदूत केनेडींना अधिकारपत्र द्यायला मोटारीनं निघाले होते, त्यांना कॉफी नाकारली. परराष्ट्र खात्यात यासाठी वेगळा कक्ष काढावा लागला. त्याची माणसं हॉटेलवाल्यांना जाऊन समजावत. बाल्टिमोरच्या एका काळ्या वर्तमानपत्रानं तर धमाल केली. आपल्याच वार्ताहरांना झगे आणि टोप चढवले, 'गोबान' नावाच्या अस्तित्वात नसलेल्या देशाचे पाहुणे म्हणून त्याच महामार्गावर पाठवलं. त्यांना जेवण मिळालं! परदेशी काळा चालेल, घरचा काळा नाही.

इथे धागालेखकाच्या मुद्द्याची उलटी बाजू दिसते. परराष्ट्र धोरणानंही वर्णद्वेषाला वाकवलं. शाळांमधल्या भेदभावाचा 'ब्राउन' खटला सर्वोच्च न्यायालयात होता तेव्हा, डिसेंबर १९५२ मध्ये, सरकारनं सादर केलेल्या निवेदनात परराष्ट्रमंत्री ॲचिसन यांचं म्हणणं जोडलं होतं: या भेदभावानं परदेशात आपली पंचाईत होते, रशियाला आयता मसाला मिळतो. १९५४ मध्ये निकाल लागला आणि व्हॉइस ऑफ अमेरिका या सरकारी आकाशवाणीनं तासाभरात तो जगभर ऐकवला. न्याय झाला त्याचा आनंद होताच, पण घाई बघा.

---

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. गोबान भारी.

---

तात्पुरता_सदस्य

धागालेखकानं नको म्हटलंय, पण १९७१ टाळून ही चर्चा पुढे कशी न्यायची?

निक्सन-किसिंजर यांच्या खोलीतल्या ध्वनिफिती टप्प्याटप्प्यानं खुल्या झाल्या. २००५ मध्ये बऱ्याच, २०२० मध्ये आणखी. भारतीयांबद्दल, त्यातही भारतीय स्त्रियांबद्दल राष्ट्राध्यक्ष काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. किसिंजर साथ देतात. आता काका म्हणतील, खासगीतलं बोलणं, निर्णय चीनसाठी. पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखान हा माओकडे जायचा पूल होता, ९ जुलै १९७१ ला किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप पेकिंगला गेले. सगळं खरं.

पण क्रम बघा. ढाक्याचे अमेरिकी कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड यांनी मार्चच्या अखेरीस कळवलं की पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानी लष्कराकडून निवडून निवडून माणसं मारली जातायत, हिंदू खास लक्ष्य आहेत. ६ एप्रिलला त्यांच्या कचेरीतल्या वीस जणांच्या सह्यांचं निषेधाचं तारपत्र गेलं. दिल्लीचे राजदूत केनेथ कीटिंग यांनीही तेच सांगितलं, आणि कीटिंग निक्सनच्याच पक्षाचे माजी सिनेटर. उत्तर काय? ब्लडची बदली. निक्सनच्या मते राजदूतांना भारतीयांनी गुंडाळलं होतं.

चीनकडे जायला रुमानियाचाही रस्ता चालू होता. याह्यावर दबाव आणून तो मार्ग टिकवता आला असता का, हा प्रश्न त्या खोलीत कुणी नीट विचारलाच नाही. कारण याह्या हा 'सरळ सैनिक गडी' आणि इंदिरा गांधी 'कावेबाज' हे आधीच ठरलं होतं. हे कुठून आलं? ब्रिटिशांच्या लढाऊ जमातींच्या सिद्धान्तातून. उत्तरेचा मुसलमान म्हणजे मर्द, बंगाली हिंदू म्हणजे बोलघेवडा. याच सिद्धान्तापायी १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली होती, गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज करावे लागले. तोच साचा साहेब जाऊन पंचवीस वर्षं झाली तरी वॉशिंग्टनमध्ये वापरात.

एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून आले आणि साचा बदलला नाही.

---

रोखठोक_काका

रुमानियाचा मुद्दा चांगला आहे, विचार करण्यासारखा. तरीही म्हणतो: निक्सनना भारतीय आवडत असते तर ते याह्याला सोडून देते? मला नाही वाटत. थोडं गोड बोलले असते, 'एंटरप्राइज' बंगालच्या उपसागरात पाठवली नसती कदाचित. एवढंच.

---

तात्पुरता_सदस्य

काका, अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका येणं-न येणं हे 'एवढंच' असेल तर मग आपलं भांडण मिटलं :)

---

कोकणकन्या_२

सगळे अमेरिकेलाच झोडपताय. ट्रूमनचं उदाहरण कुणी कसं दिलं नाही? १४ मे १९४८, इस्रायल जाहीर झाल्यावर ११ मिनिटांत अमेरिकेची मान्यता. परराष्ट्रमंत्री मार्शल कडाडून विरोधात; अरबांचं तेल, रशियाचा धोका. काकांच्या सिद्धान्ताप्रमाणे मार्शल जिंकायला हवे होते. ट्रूमन बाप्टिस्ट, बायबल तोंडपाठ. निवडणूक तोंडावर होती हेही खरं, पण नुसत्या निवडणुकीनं ते समजत नाही.

आणि आपण? भारतानं १९४७ मध्ये युनोत पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या विरोधात मत दिलं, १९५० मध्ये मान्यता दिली, आणि पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये. मधली बेचाळीस वर्षं मुंबईतला कॉन्सुलेट सोडून काही नाही. देशातल्या मुसलमानांना काय वाटेल, काश्मीरवर अरब देश काय म्हणतील, हे त्यात होतंच. म्हणजे धर्माचा विचार आपल्याही धोरणात होता, फक्त तो आपण दुसऱ्या नावानं मांडला.

या सगळ्यात आमच्या रायगडातले बेने इस्रायली. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद, म्हणून शनिवार तेली. माझ्या आजोळच्या गावात त्यांची ओस पडलेली घरं अजून आहेत. ही माणसं मराठी बोलत इस्रायलला गेली, आणि तिथे १९६० च्या दशकात मुख्य धर्मपीठानं त्यांच्या लग्नांच्या वेळी वंशावळ तपासा असं फर्मान काढलं. हे खरे ज्यू आहेत का? त्यांनी जेरुसलेमला धरणं धरलं. १९६४ मध्ये इस्रायली संसदेनं ते पूर्ण ज्यू असल्याचं ठरावानं सांगितलं. रंग इथेही सुटला नाही.

---

सडेतोड

सगळ्यांना अमेरिकेचा वर्णद्वेष दिसतो. दिल्लीत, बंगळूरमध्ये आफ्रिकी विद्यार्थ्यांना मारहाण होते तेव्हा हे धागे कुठे असतात? आणि सध्याचं आपलं सरका…

*(प्रतिसादाचा पुढचा भाग संपादित. चालू पक्षीय राजकारणासाठी वेगळा विभाग आहे, कृपया तिथे लिहावे. — संपादक मंडळ)*

---

पेठेतला_परका

संपादकांनी कात्री लावली तरी सडेतोड यांचा अर्धा प्रश्न रास्त आहे, आणि तो फार पूर्वीच भारताला तोंडावर विचारला गेला होता.

१९४६. दक्षिण आफ्रिकेनं हिंदी लोकांच्या जमिनीच्या हक्कांवर कायदा करून गदा आणली. भारत अजून स्वतंत्रही नव्हता, तरी व्यापार तोडला आणि प्रश्न युनोत नेला. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित. (त्यांचे पती रणजित सीताराम पंडित, घराणं मूळ कोकणातलं, हे दोन वर्षांपूर्वी गेले होते.) समोर दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान स्मट्स, ज्यांनी युनोच्या सनदेची प्रस्तावना लिहायला हातभार लावला होता! ८ डिसेंबरला ठराव मंजूर: ३२ विरुद्ध १५. अमेरिका आणि ब्रिटन विरोधात.

दक्षिण आफ्रिकेचा युक्तिवाद एक तर 'ही आमची अंतर्गत बाब', आणि दुसरा 'आधी तुमची अस्पृश्यता बघा'. दुसरा युक्तिवाद कावेबाज होता, पण खोटा नव्हता. त्याच वर्षी आंबेडकरांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं: तुमचे लोक युनोत अर्ज करतायत असं कळलं, प्रत पाठवाल का, अस्पृश्यांनीही तसं करावं असा विचार आहे. डुबॉइसचं सहानुभूतीचं उत्तर आलं. म्हणजे न्यूयॉर्कच्या एकाच इमारतीत भारत वर्णद्वेषाविरुद्ध फिर्यादी होता, आणि मुंबईतला एक माणूस त्याच इमारतीत भारतावर फिर्याद करता येईल का ते तपासत होता. दोघंही बरोबर होते असं माझं मत.

जोतीरावांनी तर १८७३ मध्येच 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. अमेरिकेकडे बघायचे दोन रस्ते आपल्याकडे फार आधीपासून आहेत.

---

न्यूजर्सीकर

उशिरा पोचलो. स्थलांतराच्या कायद्यांवर थोडी भर, कारण आम्ही इथे आहोत तेच त्या कायद्यांमुळे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातला १९२३ चा भगतसिंग थिंड खटला. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. तेव्हा नागरिकत्व 'गोऱ्या' माणसाला. तीन महिन्यांपूर्वी याच न्यायालयानं ओझावा या जपानी माणसाला सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन, तू नाहीस. थिंड म्हणाले, मानववंशशास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन. न्यायालय म्हणालं, शास्त्र राहू दे, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो गोरा. थिंड यांनीही आपण उच्चवर्णीय आर्य असल्याचा आधार घेतला होता, हे मात्र झाकून ठेवू नये. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित, अहमदाबादहून आलेले. निकालानंतर सरकार ज्या हिंदी लोकांचं नागरिकत्व काढून घ्यायला निघालं त्यात पंडित स्वतःही होते. ते स्वतःचा खटला लढले: नागरिक म्हणून मी वकिली केली, घर केलं, लग्न केलं, आता मागे फिरता येणार नाही. १९२७ पर्यंत ते जिंकले आणि बाकीचे खटलेही सरकारनं सोडून दिले.

दार उघडलं ते मात्र युद्धामुळे. चीन मित्र झाला म्हणून १९४३ मध्ये चिनी बंदी उठली, कोटा १०५. हिंदुस्थान स्वतंत्र होऊ घातला म्हणून १९४६ मध्ये आपल्याला कोटा, वर्षाला १००. चाळीस कोटींच्या देशाला शंभर! चिनी बंदी उठली तीही जपानी प्रचाराला उत्तर म्हणून: तुम्हाला तर ते घरातही घेत नाहीत, असं जपानी आकाशवाणी आशियाला सांगत होती.

मग १९६५. राष्ट्रवार कोटा गेला. परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांचा अमेरिकी काँग्रेसपुढे मुद्दा हाच की या कोट्यांमुळे आशिया-आफ्रिकेत आपली नाचक्की होते. शिवाय फार लोक काही येणार नाहीत अशी खात्रीही दिली गेली. आमच्या आधीची पिढी, डॉक्टर आणि इंजिनियर, १९६८-७० च्या सुमाराला सुटकेस घेऊन उतरली ती यातून. मंडळं, गणपती, मराठी शाळा, सगळं त्यानंतरचं.

काकांना विचारतो: १९२४ मध्ये दीडशे जपानी नकोत, आणि १९६५ मध्ये दारं उघडी. त्या चाळीस वर्षांत अमेरिकेचे हितसंबंध बदलले, की कुणाला मोजायचं ते बदललं?

---

रोखठोक_काका

दोन्ही. पण आधी हितसंबंध. रशिया नसता तर मेरीलँडच्या त्या हॉटेलात चाडच्या राजदूताला अजूनही कॉफी मिळाली नसती.

---

अनुस्वार

काका, खानावळींतला भेदभाव बंद करणारा मेरीलँडचा कायदा १९६३ चा. त्याआधी दोन वर्षं त्या महामार्गावर काळे विद्यार्थी खानावळींत जाऊन बसत होते, अटक करून घेत होते. परराष्ट्र खात्याला घाई रशियामुळे असेल, पण खुर्चीवरून उठायला नकार देणाऱ्यांचा हितसंबंध मॉस्कोशी नव्हता.